सांगणारा, विचारणारा आणि लिहिणारा : चित्रपट-कलावंतांच्या आत्मकथनांचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात आत्मचरित्र या प्रकाराला मानाचे स्थान आहे. त्याच्या शेजारीच वाढलेला, पण अभ्यासकांनी काहीसा दुर्लक्षिलेला असा आणखी एक प्रकार आहे. तो म्हणजे 'सांगितलेले' आत्मकथन. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे आणि विचारणाऱ्यानेच ते लिहून काढावे, अशी त्याची रीत. नट, नट्या आणि दिग्दर्शक यांच्या आयुष्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग याच रीतीने आपल्यापर्यंत आलेला आहे. साप्ताहिकातील मुलाखत, आकाशवाणीवरील वार्तालाप, दूरदर्शनवरील गप्पा आणि पुढे त्यांतून सिद्ध झालेली पुस्तके या साऱ्यांचा या प्रकारात समावेश करता येईल.

हा विषय मी निवडला तेव्हा आमच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या माणसाने विचारले, "तुले शिकाले धाडलं का सिनेमे पायाले?" वर्गातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे वेगळे होते. "मुलाखती म्हणजे शेवटी गप्पा. गप्पांचा काय अभ्यास करायचा?" असे ती म्हणाली. दोन्ही प्रश्न मला रास्त वाटले. प्रस्तुत लेखात त्यांना माझ्या परीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

बोलण्याला किंमत का?

आपल्याकडील मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले असे मानतात. त्यांपैकी आज पाहावयास मिळतात ते अगदी बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुतेक अपुरे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. आपल्या देशाचा हा पहिला कथापट, पण त्याचीही संपूर्ण प्रत राहिलेली नाही. जुनी फीत पेट घेणारी होती. ती जळाली, कुजली, चांदीसाठी विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली. तोपर्यंत पुष्कळ काही हातचे गेले होते.

फीत गेली तरी माणसे राहतात आणि माणसांपाशी आठवणी राहतात. म्हणून चित्रपटाच्या इतिहासात बोलणे हे साधन ठरते. राजे-रजवाड्यांच्या इतिहासाला बखरी आणि कागदपत्रे असतात. जो धंदा तंबूत आणि भाड्याच्या जागेत वाढला त्याची कागदपत्रे कोण जपणार? 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामतीचे काम अण्णा साळुंके या पुरुषाने केले. तो एका उपाहारगृहात स्वयंपाकी होता. पडद्यावर येण्यास त्या वेळी कोणी स्त्री तयार होईना. या स्वयंपाक्याला कोणी समोर बसवून, "राणीचे लुगडे नेसताना तुला काय वाटले?" असे विचारले असते, तर केवढा ठेवा आपल्या हाती राहिला असता! फाळक्यांनी मात्र 1917-18 साली 'नवयुग' मासिकातून आपली हकिगत स्वतः लिहिली. त्यामुळे पहिल्या चित्रपटाची कथा आपण निर्मात्याच्या तोंडून ऐकतो, तारामतीच्या तोंडून नाही. या एका उदाहरणावरून माझ्या विषयाचे महत्त्व ध्यानी यावे.

सरकारपुढील जबाब

चित्रपट-व्यावसायिकांना रीतसर प्रश्न विचारण्याचा पहिला मोठा उद्योग आपल्या देशात इंग्रज सरकारने केला. 1927 साली दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली व तिचा अहवाल 1928 साली आला. समितीने देशभर फिरून 353 साक्षीदारांच्या तोंडी साक्षी घेतल्या. निर्माते, चित्रपटगृहांचे मालक, शिक्षक, पोलीस अधिकारी, संपादक असे सर्व थरांतील लोक तीत होते. दादासाहेब फाळके यांचीही साक्ष झाली.

आता हे लक्षात घ्या की या समितीचे प्रश्न सरकारच्या गरजेतून निघालेले होते. चित्रपटांवर बंधने कशी असावीत आणि ब्रिटिश साम्राज्यात तयार झालेल्या चित्रपटांना उत्तेजन द्यावे काय, याची सरकारला चिंता होती. साहजिकच साक्षीदारांनी उत्तरे दिली ती त्याच अंगाने. कोणाला मजुरी किती मिळते, नटाचे घर कसे चालते, बाई कामाला आली तर तिचे गाव तिला काय म्हणते, हे विचारणे समितीचे काम नव्हते. तरीही समितीच्या बहुसंख्य सदस्यांनी साम्राज्याच्या चित्रपटांऐवजी देशी धंद्याला मदत करण्याची बाजू घेतली. सरकारने त्या शिफारशी अमलात आणल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

यावरून मुलाखतीचा पहिला नियम मिळतो. उत्तर हे प्रश्नाच्या भांड्यातच पडते. भांडे जसे, तसा त्याचा आकार. म्हणून कोणतीही मुलाखत वाचताना उत्तराआधी प्रश्न वाचावा.

लिहिणाऱ्या आणि सांगणाऱ्या

मराठी चित्रपट-अभिनेत्रींच्या आत्मकथनांत दोन तऱ्हा दिसतात. दुर्गा खोटे (1905-1991) या मुंबईच्या सुशिक्षित, संपन्न घरातल्या. सासरची आर्थिक स्थिती ढासळल्यावर त्या चित्रपटात आल्या. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा' (1932) या बोलपटात त्यांनी तारामतीची भूमिका केली. एकोणीस वर्षांपूर्वी जे काम पुरुषाला करावे लागले होते, ते एका प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने केले आणि पुढे अनेकींची वाट मोकळी झाली. त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र 1982 साली आले. त्याच्या आदल्या वर्षी लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' प्रसिद्ध झाले. लीलाबाई तर पदवीधर होत्या. या दोघी हाती लेखणी धरू शकत होत्या आणि आपल्या शब्दांत आपली बाजू मांडू शकत होत्या.

दुसरी तऱ्हा हंसा वाडकर यांची. त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म 1923 सालचा. घर चालविण्यासाठी अगदी लहान वयात त्या चित्रपटात आल्या आणि पडद्यासाठी नाव बदलले. 1936 सालच्या 'विजयाची लग्ने'पासून त्यांची वाटचाल सुरू होते. पुढे 'संत सखू' (1941), 'रामशास्त्री' (1944), 'लोकशाहीर रामजोशी' (1947) आणि 'सांगत्ये ऐका' (1959) हे त्यांचे चित्रपट गाजले. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. शाळेत बसण्याच्या वयात ज्या मुलीला स्टुडिओत उभे राहावे लागले, तिने पुस्तक लिहावे कसे? तिने ते सांगितले. अरुण साधू यांनी ते ऐकले आणि शब्दांकित केले. 'माणूस' साप्ताहिकातून ते वाचकांपुढे आले आणि 1970 साली 'सांगत्ये ऐका' याच नावाने पुस्तकरूपाने निघाले. चित्रपटाचे नाव पुस्तकाला दिले हे खरे, पण ते नाव पुस्तकाच्या घडणीचेही वर्णन करते. ही बाई लिहीत नाही, सांगते आहे, आणि आपल्याला ऐकायला सांगते आहे. पुस्तक निघाल्यानंतर थोड्याच काळात हंसाबाई गेल्या. विचारायला आणखी दोन वर्षे उशीर झाला असता तर हे पुस्तक नसते.

या दोन तऱ्हांमध्ये एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असे मला वाटत नाही. लिहिणारीला खोडण्याची सोय असते. लिहिलेले वाक्य ती चार वेळा वाचते, जरा सभ्य करते, नातेवाइकांचा विचार करते. सांगणारीच्या तोंडून शब्द निघून गेलेला असतो. हंसाबाईंनी आपल्या संसाराविषयी, व्यसनाविषयी आणि भोवतीच्या माणसांविषयी जे मोकळेपणाने सांगितले, तसे त्या काळी लेखणी हाती घेऊन कोणी लिहिले असते काय, याची शंका वाटते. त्याच वेळी हेही खरे की सांगणारीचा शेवटचा शब्द तिच्या हाती राहत नाही. कोणते वाक्य ठेवायचे, कोठे परिच्छेद तोडायचा हे दुसरा ठरवितो.

विचारणारा परतवाड्याचा

आपल्या भागातील वाचकांना आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे ऐकणारे व लिहिणारे अरुण साधू (1941-2017) आपल्या अमरावती जिल्ह्यातले, परतवाड्याचे. पुढे 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांनी त्यांचे नाव झाले. 2007 साली नागपूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. परंतु हंसाबाईंची कथा शब्दांकित करताना ते ऐन तरुण होते, आपल्याहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठे. मुंबईत पत्रकारी करणारा वऱ्हाडातला एक तरुण, नामवंत पण थकलेल्या अभिनेत्रीसमोर बसतो आणि ऐकतो. या प्रसंगाचा विचार केला म्हणजे मला वाटते की ऐकणे हेही एक कौशल्य आहे. ते शिकता येते.

पुस्तकात साधूंचा आवाज कोठे आहे, हे शोधू गेल्यास सहज सापडत नाही. प्रश्न त्यांनी पुसून टाकले आहेत आणि फक्त 'मी' ठेवला आहे. वाचकाला वाटते, बाई थेट आपल्याशी बोलते आहे. हे मोठे कसब आहे, पण अभ्यासकाने एवढे ध्यानात ठेवले पाहिजे की जेथे जेथे बाईंचे बोलणे एका आठवणीवरून दुसऱ्या आठवणीकडे वळते, तेथे बहुधा एक न दिसणारा प्रश्न उभा आहे.

पुढे या सांगण्याचा प्रवास फार लांबवर गेला. त्याच्या आधारे श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' (1977) हा हिंदी चित्रपट केला. पटकथेत गिरीश कार्नाड व सत्यदेव दुबे यांचा हात होता. स्मिता पाटील यांनी नायिकेचे काम केले व त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर हंसाबाईंचे नाव नाही. नायिका उषा होते. 2013 साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही निघाले. बाईंनी सांगितले, साधूंनी लिहिले, तिघांनी पटकथा रचली, स्मिताबाईंनी अभिनय केला. प्रत्येक हाताने काही घातले, काही गाळले. तेव्हा 'भूमिका' पाहून 'हंसा वाडकरांचे आयुष्य असे होते' असे म्हणणे म्हणजे पाचव्या हातातील निरोप पहिल्या हाताचा समजण्यासारखे आहे. चित्रपट म्हणून तो थोर आहेच, पण साधन म्हणून पुस्तकाकडेच जावे लागते.

दिग्दर्शकाचा 'मी'

नट आणि दिग्दर्शक यांच्या सांगण्यात मला एक ठळक फरक दिसला. नट किंवा नटी आपल्या हकिगतीत 'मला बोलावले', 'मला काम मिळाले', 'मला काढून टाकले' अशी वाक्ये वापरते. दिग्दर्शक 'मी ठरविले', 'मी निवडले', 'मी करून घेतले' असे म्हणतो. एकाचे क्रियापद सोसण्याचे, दुसऱ्याचे करण्याचे. यात गर्वाचा प्रश्न नाही. स्टुडिओच्या काळात नट-नट्या बहुधा मासिक पगारावर असत. कंपनीचा करार असे आणि तो मोडून दुसरीकडे जाणे सोपे नसे. ज्याची जागा जशी, तसे त्याचे क्रियापद.

व्ही. शांताराम (1901-1990) यांचे 'शांतारामा' हे आत्मचरित्र त्यांच्या कन्या मधुरा जसराज यांच्या शब्दांकनातून 1986 साली आले. म्हणजे एवढ्या मोठ्या दिग्दर्शकानेही लिहिले नाही, सांगितले. येथे ऐकणारी घरातली होती. वडील मुलीला सांगताना जे सांगतील आणि एखाद्या अनोळखी पत्रकाराला जे सांगतील, त्यात अंतर राहणारच. आणखी एक गोष्ट. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन झाली तेव्हा तिचे भागीदार पाच होते : शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. 'संत तुकाराम' (1936) हा व्हेनिसला गौरवलेला चित्रपट दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. पण दामले 1945 सालीच गेले. ज्याला दीर्घ आयुष्य लाभते आणि सांगण्याची हौस असते, त्याची बाजू इतिहासात जाड अक्षरांत छापली जाते. जो लवकर जातो किंवा अबोल असतो, त्याची बारीक अक्षरांत. बापू वाटवे यांच्या 'एक होती प्रभातनगरी'सारखी पुस्तके म्हणूनच शेजारी ठेवून वाचावीत.

यासाठी एक सोपा अभ्यास सुचवावासा वाटतो. 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट शांतारामांच्या 'राजकमल'चा, आणि हंसाबाई त्यात नायिका. एकाच चित्रपटासाठी 'शांतारामा' आणि 'सांगत्ये ऐका' ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी उघडावीत. एकात मालकाची खुर्ची आहे, दुसऱ्यात कामाला आलेल्या बाईची. दोन्ही खुर्च्यांवर बसून पाहिल्याशिवाय त्या स्टुडिओची खोली पुरती दिसत नाही.

बाबा, डॉक्टर आणि आजी

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. दिग्दर्शक राजदत्त यांचे मूळ नाव दत्तात्रय अंबादास मायाळू. त्यांचा जन्म 1932 साली आपल्या जिल्ह्यातील धामणगावचा. राजा परांजपे यांच्या हाताखाली शिकून त्यांनी 'मधुचंद्र' (1967) पासून स्वतंत्र दिग्दर्शनास प्रारंभ केला. 'शापित', 'पुढचं पाऊल', 'सर्जा' असे त्यांचे चित्रपट सर्वांना ठाऊक आहेत. 2024 साली त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. त्यांनी 1977 साली केलेला 'देवकीनंदन गोपाला' हा संत गाडगेबाबांवरील चित्रपट आपल्या भागाच्या दृष्टीने विशेष आहे. बाबा शेंडगावचे. मामाकडे, मुर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला वाढलेले. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. आपल्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे.

चित्रपटात बाबांचे काम डॉ. श्रीराम लागू (1927-2019) यांनी केले. लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. 1969 साली वैद्यकी सोडून ते पूर्ण वेळ नट झाले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'लमाण' (2004). नट हा स्वतःचा माल विकणारा नव्हे. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत वाहून नेणारा, असा त्या नावाचा अर्थ. वाशीम-यवतमाळकडच्या विद्यार्थ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडविणारे तांडे त्यांच्या आजोबा-पणजोबांचेच होते. 'नट म्हणजे काय?' या प्रश्नावर लांबलचक मुलाखत देण्याऐवजी लागूंनी पुस्तकाच्या नावातच उत्तर देऊन टाकले आहे.

परंतु लमाणाने आणलेला माल गावात उतरला की त्याची पारख कोण करतो? गाव करतो. म्हणून मी माझ्या आजीला विचारले. आमचे गाव मुर्तिजापूर तालुक्यात. आजी सात-आठ वर्षांची असताना तिने बाबांचे कीर्तन ऐकले होते, आणि लग्नानंतर जत्रेतल्या तंबूत हा चित्रपट पाहिला होता. खरा माणूस आणि पडद्यावरचा माणूस, दोघांनाही पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. तिचे शब्द मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले व जसेच्या तसे येथे देते.

"बाबा गावात आला की आंधी खराटा घेऊन गाव झाडे. मंग रातच्याले कीर्तन. तो लोकायले इचारे अन् लोक वरडून जबाब देत. माह्या बापानंबी देल्ता."

"मंग सिनेमातला बाबा कसा वाटला आजी? तसाच दिसे का?"

"दिसाले तसाच दिसे. मी रडलीबी. पन तंबूत बाबा इचारे अन् कोनी जबाब देत नोता. सारे गुपचूप बसेल."

आजीला अक्षरओळख नाही. पण चित्रपट आणि कीर्तन यांतील फरक तिने दोन वाक्यांत सांगितला. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे मुळात संवाद होता. ते प्रश्न विचारीत आणि समाजाच्या तोंडून उत्तर काढून घेत. पडदा प्रश्न विचारू शकतो, उत्तर ऐकू शकत नाही. नट व दिग्दर्शक कितीही मोठे असले तरी आपल्या कामाचे उत्तर त्यांना तंबूतल्या अंधारात ऐकू येत नाही. म्हणून केवळ त्यांच्या मुलाखतींवर चित्रपटाचा इतिहास पुरा होत नाही. पाहणाऱ्यांनाही विचारले पाहिजे.

मशीनवाल्याची साक्ष

याच हेतूने अकोल्याकडच्या एका गृहस्थांना मी भेटले. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी फिरत्या तंबू-टॉकीजमध्ये मशीन चालविले होते. आपले नाव छापू नये, असे त्यांनी सांगितले. चित्रपट-वितरणाच्या धंद्यात आपल्या भागाला 'सी. पी. बेरार' म्हणतात. मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांची ती जोडणी 1956 सालीच मोडली, पण धंद्याच्या भाषेत ते नाव टिकून राहिले. हे मला प्रथम त्यांच्याकडून कळले.

हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले. तंबूत एकच मशीन असल्याने रीळ बदलताना दिवे लावावे लागत. उजेडासाठी कार्बनच्या कांड्या जाळाव्या लागत व त्यांतील अंतर हाताने सांभाळावे लागे. प्रत आधी शहरातून फिरून, झिजून मग खेड्यात येई. ते म्हणाले, "बेटा, शयरात सिनेमा कोरा राहे. आमच्याकडं येता येता त्याच्यात पाऊस पडे." पाऊस म्हणजे फितीवरच्या उभ्या रेघा. फीत तुटली की तुटलेला भाग कापून ती चिकटवायची. दरवेळी चार-दोन चित्रे कमी होत. "सिनेमा कोनं बनोला ते मले इचारू नको. पन तो कुठं कुठं तुटला ते मी आजबी सांगू शकतो."

त्यांचे हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. दिग्दर्शक आपल्या मुलाखतीत जो चित्रपट सांगतो तो पुरा असतो. आपल्या खेड्यांनी पाहिला तो पाऊस पडलेला आणि जागोजागी तुटलेला. दोन्ही खरे आहेत. पण दुसऱ्याची साक्ष अजून कोणी घेतलेली नाही.

बोलीचा प्रश्न

मुलाखतीच्या अभ्यासात भाषेचाही विचार करावा लागतो. अमरावतीचे अभिनेते भारत गणेशपुरे यांनी 2014 साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमातून वऱ्हाडी बोली महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. याचा आपल्याला अभिमान आहे. तरी वऱ्हाडी ऐकू आली की लोक हसण्याच्या तयारीने बसतात, हेही खरे. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (2009) या चित्रपटात विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घराची कथा आहे. तेथे हीच बोली दुःखाची होते, आणि प्रेक्षकाला हसता हसता थांबावे लागते.

हीच गोष्ट मुलाखतीलाही लागू आहे. 'तुम्ही या क्षेत्राकडे कसे वळलात?' असे प्रमाण भाषेत विचारले की समोरचा माणूसही प्रमाण भाषेची टोपी घालून बसतो. त्याचे उत्तर छापण्याजोगे होते, पण त्याचे राहत नाही. आजीला मी पुस्तकी भाषेत प्रश्न केला असता तर "मले काय समजते माय" एवढेच उत्तर मिळाले असते. ज्या बोलीत माणूस भांडतो आणि रडतो, त्याच बोलीत त्याला विचारावे.

कसे वाचावे, कसे विचारावे

या अभ्यासातून मला जे हाती लागले ते थोडक्यात असे. चित्रपट-कलावंताची मुलाखत किंवा सांगितलेले आत्मकथन वाचताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, विचारणारा कोण आणि त्याला काय हवे होते : सरकार, साप्ताहिक, की घरातले माणूस? दुसरी, सांगणाऱ्याचे वय व स्थिती काय होती? यशाच्या भरात सांगितलेले आणि उतारवयात सांगितलेले यांत फरक पडतो. तिसरी, त्याच कामाविषयी दुसऱ्या कोणी काही सांगितले आहे काय? चौथी, तारखा व नावे दुसरीकडे पडताळून पाहता येतात काय? आठवणीत भावना पक्की राहते, साल मात्र सरकते. साल सरकले म्हणून सारी आठवण खोटी ठरवू नये, आणि आठवण जिवंत आहे म्हणून साल खरे मानू नये.

स्वतः विचारावयाचे झाल्यास 'अनुभव कसा होता?' असे मोघम विचारू नये. 'पगार किती होता? सकाळी किती वाजता यावे लागे? जेवण कोठून येई? पहिल्या पगाराचे काय केले?' असे विचारावे. कामाविषयी विचारले की माणूस खरे बोलतो, असे मला तरी आढळले.

समारोप

आता सुरुवातीच्या दोन प्रश्नांकडे. मुलाखती म्हणजे गप्पा, हे मैत्रिणीचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ज्यांना लिहिता आले नाही, त्यांच्यापाशी गप्पांखेरीज दुसरे साधनच नव्हते. गप्पा वगळल्या तर इतिहासात फक्त लिहिता येणारे उरतात. मग हंसा वाडकर उरत नाहीत, तंबूतला मशीनवाला उरत नाही आणि माझी आजीही उरत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. माझ्या आधीच्या साऱ्या पिढ्या सांगणाऱ्या होत्या, लिहिणारी कोणीच नव्हती. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता केवळ परीक्षेचा नाही.

वडीलधाऱ्यांना उत्तर असे की मला सिनेमा पाहायला पाठविले नाही हे खरे. ऐकायला आणि लिहायला पाठविले, असे मी समजते. परवा आईला विचारले, "तुवा पयला सिनेमा कोनता?" ती म्हणाली, "माह्यात काय सांगन्यासारखं हाय?" बहुतेकांच्या आया असेच म्हणत असतील. हंसाबाईंनाही प्रथम कोणी विचारले तेव्हा त्या काय म्हणाल्या असतील कोणास ठाऊक! पण विचारणारा उठून गेला नाही, म्हणून पुस्तक झाले.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात एखादा जुना नट, दंडार किंवा खडीगंमत करणारा, तंबूतला तिकीटवाला किंवा आजीसारखी एखादी प्रेक्षक आहे. येत्या सुटीत एकेकाने एका माणसाला तासभर विचारावे, त्याच्याच बोलीत उतरून काढावे आणि खाली तारीख व गाव लिहावे. आपल्या ग्रंथालयात अशा वह्यांसाठी एक कप्पा मिळावा, अशी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. पहिली वही मी आजीच्या बोलण्याची देत आहे. ती बत्तीस पानांची आहे, आणि आजीचे सांगणे अजून संपलेले नाही.